पायाला हात न लावता पाच सुवर्णं: मिहाईन लोपेझ आणि ग्रीको-रोमन कुस्तीचं गणित

६ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी आपल्याकडे घराघरांत पॅरिसची कुस्ती लागलेली होती. विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि पुढे कित्येक दिवस लोकांना दुसरा विषयच उरला नाही. त्या गदारोळात, त्याच हॉलमध्ये, त्याच रात्री झालेली एक कुस्ती आपल्या नजरेतून निसटली. क्यूबाच्या मिहाईन लोपेझने ग्रीको-रोमन प्रकारातली १३० किलोची अंतिम लढत ६-० अशी जिंकली, मॅटच्या मध्यभागी बूट काढून ठेवले आणि निवृत्ती घेतली. हे त्याचं सलग पाचवं ऑलिंपिक सुवर्ण. एकाच वैयक्तिक प्रकारात पाच सुवर्णं आजवर कुठल्याही खेळात कुणाला मिळाली नव्हती. लांब उडीत कार्ल लुईस, थाळीफेकीत अल ओर्टर, २०० मीटर मिडले पोहण्यात मायकेल फेल्प्स, सगळे चारवर थांबले.

त्या लढतीची क्लिप बघितली की आपल्याकडच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे दोघं नुसते एकमेकांना ढकलतायत, पट का काढत नाहीत, म्हणजे पाय धरून पाडत का नाहीत? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कळल्याशिवाय लोपेझ एवढा मोठा का, हेही कळत नाही.

पाय नाहीत, मग कुस्ती कसली?

ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे दोन प्रकार असतात. एक फ्रीस्टाइल. आपल्या मातीतल्या कुस्तीशी तिचं जवळचं नातं, कारण तिच्यात पाय धरता येतो, पायाने अडवता येतं. दुसरा प्रकार ग्रीको-रोमन. इथे कमरेच्या खाली पकड घ्यायला पूर्ण बंदी. शिवाय स्वतःचा पाय डाव म्हणून वापरायचा नाही: टांग मारायची नाही, पाय अडकवायचा नाही, गुडघ्याने रेटायचं नाही. पायाचं काम फक्त उभं राहणं, चालणं आणि अंग उचलताना जोर लावणं.

कोकणात हे कबड्डीवरून चटकन कळतं. कोपऱ्यावरचा खेळाडू वाट बघतो ती अँकल होल्डची किंवा थाय होल्डची, म्हणजे घोटा किंवा मांडी धरायची. पंचांनी जाहीर केलं की आज कमरेखाली पकड नाही, तर त्याच्याकडे उरतं काय? कंबरपकड, समोरून ब्लॉक आणि डॅश. म्हणजे चढाई करणाऱ्याच्या छातीला छाती भिडवण्यावाचून गत्यंतर नाही. लांब राहून, खाली वाकून, झडप घालून पाय पळवायचा मार्गच बंद. ग्रीको-रोमनमध्ये नेमकं हेच होतं. दोघं सुरुवातीपासून एकमेकांच्या अंगात घुसलेले असतात, कारण दुसरीकडे कुठे जायलाच जागा नाही.

आपल्या पैलवानाच्या भात्यातून काय गळतं ते बघा. एकेरी पट, दुहेरी पट गेले. कलाजंग गेला, कारण त्यात हात मांडीत घालावा लागतो. आतली आणि बाहेरची टांग गेली. उरतात ते धोबीपछाड, पाय न अडकवता मारलेला ढाक, दस्ती ओढून, म्हणजे समोरच्याचा हात खेचून, त्याच्या मागे जाणं, काखेखालून निसटून पाठीवर येणारी बगलडूब, कमरेला दोन्ही हातांनी कवळा घालून उचलणं, आणि साल्टो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला छातीशी घट्ट धरून स्वतः मागे कमान होत त्याला डोक्यावरून पलीकडे फेकणं. हा साल्टो दिसायला सगळ्यात देखणा आणि शिकायला सगळ्यात धोक्याचा.

नाव ग्रीसचं, जन्म फ्रान्सचा

प्राचीन ग्रीसशी या नियमांचा फारसा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जत्रांतून कुस्ती दाखवत फिरणाऱ्या मंडळींनी कमरेखाली पकड नको हा नियम रुजवला. ग्रीक-रोमन हे भारदस्त नाव त्याला नंतर चिकटलं. १९०८ पासून हा प्रकार प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे. महिलांसाठी मात्र ऑलिंपिकमध्ये फक्त फ्रीस्टाइल आहे.

ढकलाढकली कशासाठी?

आधी गुण समजून घेऊ, बाकी सगळं त्यावर आहे. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंद विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून पाठीमागून कब्जा घेतला तर २ गुण. उभ्याने फेकून थेट पाठीवर पाडलं तर ४. पाय हवेत उंच जातील असा मोठ्या कमानीचा साल्टो बसला तर ५. रिंगणाबाहेर पाय पडला तर समोरच्याला १. दोन्ही खांदे टेकले तर चितपट, तिथेच खेळ संपला. आणि ८ गुणांची आघाडी झाली तरी लढत तिथेच थांबते. फ्रीस्टाइलमध्ये हीच आघाडी १० ची लागते.

आता अडचण बघा. दोघंही तयार पैलवान असतील, पाय धरायचा नसेल, तर बचाव करणं फार सोपं होतं. कंबर मागे ठेवायची, कोपर अंगाशी चिकटवायचे आणि वेळ काढायची. याचा अतिरेक १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये झाला. मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड असिकाइनेन यांची उपांत्य लढत ११ तास ४० मिनिटं चालली. क्लाइन जिंकला खरा, पण एवढा थकला की सुवर्णपदकाची लढत खेळूच शकला नाही.

त्यावरचा आजचा उपाय म्हणजे पॅसिव्हिटी, साध्या भाषेत चालढकलीचा दंड. जो मागे सरतो, हात बांधून ठेवतो, डोकं खाली घालून अडवत बसतो, त्याला पंच आधी सूचना देतात आणि तरीही तो ऐकला नाही तर पॅसिव्हिटी लावतात. त्याने समोरच्याला १ गुण मिळतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समोरच्याला हक्क मिळतो, की याला मॅटवर पोटावर झोपवा, मी वरून डाव लावतो.

म्हणून ती ढकलाढकली. रिंगण नऊ मीटर व्यासाचं, आणि त्याच्या कडेचा एक मीटरचा पट्टा नारिंगी रंगाचा. ज्याची टाच सारखी त्या पट्ट्यात जाते तो मागे हटतोय हे पंचांना लांबूनही दिसतं. ढकलणाऱ्याला तेच दाखवायचं असतं. बघताना नजर हातांवर ठेवा. कुणाचे हात आत आहेत? समोरच्याच्या काखेखालून आत गेलेला हात म्हणजे त्याचा खांदा वर उचलता येतो, त्याचा तोल टाचांवर जातो आणि तो मागे चालायला लागतो. समोरचा तो हात बाहेर काढून आपला आत घालायला बघतो. ही आत-बाहेरची झटापट सहा मिनिटं अखंड चालू असते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती धक्काबुक्की वाटते.

एक गंमत आणखी. पहिल्या फेरीत एकाला पॅसिव्हिटी, दुसऱ्या फेरीत दुसऱ्याला, बाकी काही घडलं नाही, तर १-१ अशी बरोबरी होते. जादा वेळ नाही. त्या बरोबरीत शेवटचा गुण ज्याने घेतला तो जिंकतो. म्हणजे पहिल्या फेरीत १-० ने पुढे असलेला पैलवान सुरक्षित नसतो; उलट आता पॅसिव्हिटी आपल्याला लागणार या भीतीने त्यालाच जास्त हालचाल करावी लागते.

पोटावर झोपलेला माणूस उलटायचा कसा

या स्थितीला पार-तेर म्हणतात. खालचा पोटावर आडवा, हात पुढे पसरलेले. वरचा त्याच्या बाजूला गुडघे टेकून, दोन्ही तळहात पाठीवर ठेवून शिट्टीची वाट बघतो. शिट्टी झाली की त्याच्याकडे फार वेळ नसतो. डाव पुढे सरकत नाही असं दिसलं की पंच दोघांना उभं करतात.

इथला हुकमी डाव म्हणजे भारंदाज. वरचा पैलवान खालच्याच्या धडाला कवळा घालतो आणि त्याला स्वतःच्या अंगावरून लोळवतो. खालच्याची पाठ मॅटकडे वळली की २ गुण. पकड न सोडता पुन्हा लोळवलं की आणखी २. हिशेब करा: पॅसिव्हिटीचा १, पहिला भारंदाज ३, दुसरा ५, तिसरा ७, चौथा ९. आठच्या वर गेलं, लढत संपली. उभ्याने तासाभरात न सुटणारी कुस्ती खाली अर्ध्या मिनिटात निकालात निघू शकते.

भारंदाज लागतो कसा, ते क्रमाने सांगतो, कारण टीव्हीवर तो एका झटक्यात होऊन जातो. पकड बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, जिथे धड सगळ्यात बारीक असतं तिथे बसवायची. तळहातावर तळहात, अंगठे बोटांना चिकटलेले. बोटांत बोटं गुंतवायची नाहीत, कारण दाबाखाली ती चिरडतात आणि पकड सरकवता येत नाही. मग कपाळ किंवा कानशील त्याच्या पाठीत रुतवायचं आणि आवळायचं. आवळणं म्हणजे दंडाने ओढणं नव्हे. कोपर स्वतःच्या बरगड्यांकडे मिटत आणायचे आणि छाती खाली दाबायची. त्याचा श्वास बाहेर पडला की तेवढ्या जागेत पकड आणखी घट्ट करायची. मग आपले गुडघे त्याच्या कमरेच्या जवळ सरकवायचे, त्याची कंबर मॅटपासून चार बोटं उचलायची, आणि तेव्हाच मानेवर कमान करत पलीकडे लोळायचं.

फसतो तो बहुतेक वेळा तीन जागी. पकड छातीवर, वर बसली तर बरगड्या रुंद असल्यामुळे हात घसरतात. कंबर उचलल्याशिवाय लोळायला गेलं तर खालचा माणूस जमिनीला चिकटलेलाच राहतो आणि आपली ताकद वाया जाते. आणि कमान झाली नाही, तर आपलीच पाठ मॅटला लागते नि गुण समोरच्याला मिळतात.

खालच्याचा बचावही तेवढाच शास्त्रशुद्ध आहे. कंबर जमिनीत रुतवायची, मांड्या फाकवायच्या, ज्या बाजूला तो लोळवणार त्या बाजूचा कुल्हा खाली दाबायचा, आणि हाताने त्याची पकड मनगटाशी तोडायला बघायची. पायाने त्याला अडवलं की फाऊल, चेतावणी आणि वर गुण. म्हणजे पोटावर पडून, पाय असून नसल्यासारखे, शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाला आपल्याला लोळवू द्यायचं नाही.

लोपेझ या दोन्ही कामांत अव्वल होता. तो खाली गेला तर त्याला उलटणं जवळपास अशक्य, आणि तो वर आला तर गुण बहुधा पडायचेच. असा माणूस समोर असला की उभ्यानेही समोरचा घाबरून खेळतो. घाबरून खेळणारा मागे सरतो, मागे सरला की पॅसिव्हिटी. त्याची निम्मी कमाई या चक्रातून झालेली आहे.

हेराडुराचा मिहाईन

मिहाईन लोपेझ नुन्येझचा जन्म २० ऑगस्ट १९८२ चा, क्यूबाच्या पश्चिम टोकाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या हेराडुरा गावचा. तंबाखूच्या शेतीचा हा मुलूख. थोरला भाऊ मिशेल बॉक्सर. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्याने सर्वांत वजनदार गटात कांस्य मिळवलं. त्याच अथेन्समध्ये मिहाईन कुस्तीत १२० किलो गटात उतरला आणि पाचवा आला. पदक नाही.

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, तो विश्वविजेता झाला. मग २००७, २००९, २०१० आणि २०१४. एकूण पाच विश्वविजेतेपदं. पण या यादीतल्या मोकळ्या जागाही वाचायला हव्यात. २००६, २०११ आणि २०१५ मध्ये तो अंतिम फेरीत हरला. शेवटच्या दोन्ही वेळी हरवणारा तुर्कस्तानचा रिझा कायाल्प होता. म्हणजे तो अजिंक्य होता हे म्हणणं चुकीचं. ऑलिंपिकमध्ये तो २००४ नंतर हरला नाही, हे बरोबर. कायाल्पशी त्याची ऑलिंपिकमध्ये तीनदा गाठ पडली, लंडन, रिओ आणि टोकियो, आणि तिन्ही वेळा लोपेझच जिंकला.

पाच सुवर्णांचा माग असा. २००८ बीजिंग: अंतिम फेरीत अथेन्सचा विजेता, रशियाचा खासन बारोएव. २०१२ लंडन: इस्टोनियाचा हेइकी नाबी. २०१६ रिओ: कायाल्प, ६-०. टोकियो, म्हणजे २०२१ मध्ये झालेलं २०२० चं ऑलिंपिक: जॉर्जियाचा याकोबी काजाया, ५-०, आणि संपूर्ण स्पर्धेत कुणालाही एकही गुण दिला नाही. २०२४ पॅरिस: यास्मानी अकोस्ता, ६-०. अकोस्ताचा जन्म क्यूबाचा. एकेकाळी तो लोपेझबरोबर सराव करायचा, आणि लोपेझ असेपर्यंत त्या गटात आपला नंबर लागणार नाही हे उघड होतं. तो चिलीला गेला आणि शेवटी अंतिम फेरीत त्याच्याच समोर उभा ठाकला. शिवाय पॅन अमेरिकन खेळांत २००३ ते २०१९ अशी पाच सुवर्णं वेगळी.

मला यातली सर्वांत अवघड गोष्ट वाटते ती पदकांची संख्या नाही, बदलत गेलेले नियम. बीजिंग आणि लंडनला दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत, त्यातल्या दोन जिंकायच्या. एक फेरी १० ने हरलात काय आणि १ ने हरलात काय, सारखंच. २०१३ मध्ये ते मोडलं, एकूण गुण मोजायला लागले आणि तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत कुस्तीच ऑलिंपिकमधून काढून टाकण्याची शिफारस झाली होती. सप्टेंबरात ती मागे फिरली. २०१४ मध्ये गटाची मर्यादा १२० वरून १३० किलो झाली. प्रत्येक बदलाबरोबर त्या काळातले नामांकित मल्ल मागे पडले. लोपेझ टिकला, कारण त्याच्या खेळाचा पाया कुठल्याही नियमात चालणारा होता: हात आत, छाती पुढे, पाय चालते.

पॅरिसचं प्रकरण तर वेगळंच. टोकियोनंतर तीन वर्षं तो एकही आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला नव्हता. कुस्तीत ऑलिंपिकची जागा देशाला मिळते, पैलवानाला नाही, म्हणून हे शक्य झालं. बेचाळिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आलेला. पहिली लढत ७-० ने गेली. उपांत्यपूर्व फेरीत इराणचा अमीन मिर्झाझादे, २०२३ चा विश्वविजेता आणि वयाने पंधरा वर्षांनी लहान. ती ३-१. उपांत्य फेरीत अझरबैजानचा सबाह शरियाती, ४-१. आकडे बघा. दणक्यात जिंकायचं वय सरलं होतं, म्हणून त्याने दोन-तीन गुणांच्या फरकाने लढती काढल्या आणि दम अंतिम फेरीसाठी राखून ठेवला.

त्याच्याआधी या गटाचा देव म्हणजे रशियाचा अलेक्सांद्र कारेलिन. १९८८, १९९२, १९९६ ची सुवर्णं आणि नऊ विश्वविजेतेपदं. पोटावर झोपलेल्या सव्वाशे किलोच्या माणसाला तो उलट्या कवळ्याने उचलून मागे फेकायचा. त्या डावाला आजही त्याचं नाव आहे. २००० मध्ये सिडनीच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या रुलन गार्डनरने त्याला १-० ने हरवलं. तो एक गुण कुठल्या फेकीचा नव्हता. छातीला छाती लावून पकडीत उभं असताना कारेलिनची पकड सुटली, एवढंच. थोर कोण, यावर जाणकारांत वाद आहेत आणि राहतील. फेकीत कारेलिन, टिकण्यात लोपेझ, असं माझं मत.

"एवढा अवाढव्य माणूस, जिंकणारच की!"

लोपेझ सहा फूट पाच इंचांच्या आसपास, वजन १३० च्या काठावर. पण त्या गटात सगळेच तसे असतात. उंची तर इथे अडचणसुद्धा ठरते: उंच माणसाची कंबर वर असते, बुटका त्याच्या खाली घुसून कवळा घालू शकतो. म्हणून लोपेझला गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून सहा मिनिटं चालावं लागे. एवढ्या वजनात ते किती जड जातं, हे जोर-बैठका मारलेल्यांना सांगायला नको.

दुसरा गैरसमज, की वजनदार गटाला वजनाची फिकीर नसते. १३० ही वरची हद्द आहे, आणि तीही काटेकोर. स्पर्धा दोन दिवसांची. पहिल्या सकाळी सगळ्यांचं वजन होतं, दुसऱ्या सकाळी पदकाच्या फेरीतल्यांचं पुन्हा. ऑलिंपिकमध्ये एका ग्रॅमचीही सूट नाही. विनेशच्या बाबतीत लागला तो हाच नियम.

मग आपल्याकडे का नाही?

भारताने ऑलिंपिकच्या कुस्तीत मिळवलेली सगळी पदकं फ्रीस्टाइलची आहेत. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी आणलेल्या कांस्यापासून पॅरिसला अमन सेहरावतने घेतलेल्या कांस्यापर्यंत. पॅरिसला गेलेल्या सहा भारतीय मल्लांत ग्रीको-रोमनचा एकही नव्हता.

कारण आपल्या मातीतच आहे. पोरगं आखाड्यात उतरतं ते पट काढायला शिकतं. हाताला सवय पायाची, आणि ती दहा वर्षांनी मोडायला गेलात तर लढतीच्या घाईत हात आपोआप मांडीकडे जातो. गेला की फाऊल. दुसरं कारण पैशाचं आणि मानाचं. जत्रेचं इनाम, मैदानाची कुस्ती, महाराष्ट्र केसरीची गदा, यातलं काहीही ग्रीको-रोमन खेळून मिळत नाही. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असतात, पण दोन्हीकडे पाय धरायची मुभा असते. त्यामुळे वस्ताद चांगला पट्ठा इकडे पाठवत नाहीत. फ्रीस्टाइलमध्ये जागा न मिळालेला इकडे वळतो. या विचारसरणीनेच आपलं नुकसान झालंय, असं स्पष्ट म्हणायला हवं.

तरीही ज्यांनी मनावर घेतलं त्यांना यश मिळालंय. २०१३ मध्ये बुडापेस्टला महाराष्ट्राच्या संदीप तुलसी यादवने ६६ किलो गटात कांस्य मिळवलं. ग्रीको-रोमनमधलं ते भारताचं पहिलं जागतिक पदक. २०२० मध्ये दिल्लीत सुनील कुमार ८७ किलो गटात आशियाई विजेता झाला. भारताला या प्रकारात हे सुवर्ण २७ वर्षांनी मिळालं होतं. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत त्याने कांस्यही घेतलं.

कोकणात सुरू करायचं तर

रायगडात अलिबाग-पेणकडे जत्रेच्या कुस्त्या अजून रंगतात. खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात मैदान कबड्डीचं. माझ्या मते हीच जमेची बाजू आहे. ज्या मुलाच्या हाताला पटाची सवय नाही त्याची ती मोडावीही लागत नाही. कबड्डीत कंबरपकड आणि ब्लॉक करणारा, छाती पुढे घालायला न घाबरणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा या खेळासाठी चांगला कच्चा माल आहे.

"आमची पोरं रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढतात, होड्या ढकलतात, ताकदीला काय तोटा?" हेही ऐकायला मिळतं. पाठीची आणि मुठीची ताकद खरीच उपयोगी पडते. पण रापण ओढताना जोर एका दिशेने, एका लयीत आणि दहा-वीस जणांचा मिळून असतो. इथे समोरचा दर सेकंदाला दिशा बदलतो, आणि जोर लावताना श्वास रोखला की दुसऱ्या मिनिटाला दंड दगड होतात. ती सवय वेगळी करावी लागते: दोन-दोन मिनिटं नुसती हात आत-बाहेर करण्याची झटापट, फेकाफेकी नाही, श्वास तोंडाने चालू.

मान सगळ्यात आधी. पाठीवर झोपून, पाय जवळ घेऊन, हातांचा आधार देत डोक्यावर कमान करायची, वीस-तीस सेकंद. काही आठवड्यांनी हात सोडायचे. मग त्याच कमानीत पुढे-मागे झुलायचं. मग भिंतीला हात लावत मागे उतरायचं. हे पक्कं झाल्यावर फेकायच्या सरावाचा कापडी पुतळा, त्यानंतर माणूस. साल्टोत मुलं नेहमी एकच चूक करतात: कंबर पुढे न देता दंडाने ओढतात. मग कमान होत नाही, आणि दोघंही डोक्यावर पडतात. पुतळा गावात शिवून घेता येतो. पन्नास-साठ किलोच्या मुलाला वीस-पंचवीस किलोचा पुरे. आत चिंध्या भराव्यात, मध्ये थोडी वाळू. काथ्या मुबलक मिळतो म्हणून भरू नये, तो हलका पडतो आणि ओल धरतो. नुसती वाळू भरली तर ती खाली बसून दगड होते.

मातीचा हौद पावसाचे चार महिने इथे चालवणं कठीण, म्हणून मॅट आणि वर पक्कं छप्पर हवं. पूर्ण मापाची मॅट बारा मीटर बाय बारा मीटर. सरावाला तिची निम्मी पुरते, पण कडेला दीड मीटर मऊ जागा आणि भिंतींना गादी हवीच. मॅट थेट फरशीवर टाकायची नाही. पावसात फरशीला घाम फुटतो आणि मॅटखाली बुरशी धरते. खाली लाकडी फळ्यांची चौकट घालून हवा खेळती ठेवायची, आणि आठवड्यातून एकदा मॅट उचलून उभी करायची.

शेवटचा प्रश्न नायट्याचा, आणि दमट हवेत तो सोडवला नाही तर दोन पावसाळ्यांत आखाडा बंद पडेल. छातीला छाती लावून खेळायचं म्हटल्यावर एकाचा नायटा आठवड्यात सगळ्यांना होतो. सरावाआधी आणि नंतर मॅट पुसायची, साध्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे शंभर भाग, आणि पूर्ण सुकू द्यायची. टॉवेल ज्याचा त्याचा. सराव संपल्यावर लगेच साबणाने अंघोळ, आणि सिंगलेट, म्हणजे कुस्तीचा अंगाला चिकटणारा पोशाख, रोज धुऊन पूर्ण वाळलेलाच घालायचा. अंगावर गोल चट्टा दिसला की त्या मुलाला डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत मॅटवर घ्यायचं नाही. दुकानातून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू देऊ नयेत; खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा फिका पडतो आणि नायटा आतून पसरत राहतो. तो मुलगा बरा झाला समजून पुन्हा सरावाला येतो, आणि त्याच्याबरोबर खेळलेल्या पाच जणांना तो लागतो.